माळढोकाचे दोन साक्षीदार

जैसलमेरला निघालोय म्हटल्यावर आमच्या इमारतीतल्या प्रत्येकाने एकच विचारलं, "किल्ला बघायला का?" किल्ला नव्हे, त्याच्या पलीकडचं वाळवंटातलं अभयारण्य बघायला, असं सांगितलं तेव्हा तळमजल्यावरचे जोशी म्हणाले, "प्राणीच बघायचे तर कात्रज काय वाईट आहे? बसने जाऊन जेवायला घरी येता येतं." मी उत्तर दिलं नाही. एक तर जोशींना उत्तर दिलं की ते चपला काढून आत येतात. दुसरं म्हणजे, खरं सांगायचं तर तोवर मलाही त्यांचंच म्हणणं पटत होतं. आता जाऊन आलो आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. जोशींनीही वाचायला हरकत नाही.

मी खडकीच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात जन्म काढला. माल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही नाही, हा तिथला नियम आणि पुढे माझा स्वभाव. निवृत्तीनंतरही तो गेला नाही. मंडईतला भाजीवाला मला लांबून बघूनच भेंडीवरचा ओला फडका काढून ठेवतो. माझ्या बायकोचं, वसुधाचं, मात्र वेगळं. तिने शाळेतली नोकरी संपताच गळ्यात दुर्बीण अडकवली आणि रविवारी पहाटे टेकडीवर जमणाऱ्या पक्षीमित्रांच्या मंडळात नाव घातलं. तिला एकटीला अंधारात कसं सोडायचं म्हणून मीही जाऊ लागलो. माझं लक्ष पक्ष्यांपेक्षा नंतरच्या पोह्यांकडे असतं, हे मंडळात सर्वांना ठाऊक आहे.

मंडळाचे प्रमुख अभ्यंकर सर. आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं, आणि निवृत्त झाल्याचं अजून त्यांना कोणी कळवलेलं नाही. त्यांनी मंडळाला एक नियम घालून दिला आहे: एकट्याने पाहिलेला पक्षी धरायचा नाही. "एकाने पाहिली ती बातमी, दोघांनी पाहिला तो पक्षी." या नियमाला इतिहास आहे. एका सभासदाने मुठेच्या पात्रात रोहित पक्षी दिसल्याचं जाहीर केलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळं मंडळ भल्या पहाटे नदीवर लोटलं, तेव्हा ती गुलाबी प्लॅस्टिकची पिशवी निघाली. ते सभासद हल्ली ट्रेकिंगला जातात.

मंडळाने जैसलमेरला जायचं ठरवलं ते माळढोक बघायला. हे नाव निघाल्यापासून वसुधाचा पाय जमिनीवर नव्हता. तिचं माहेर सोलापूरकडचं. लहानपणी वडिलांबरोबर शेतावर जाताना तिने माळढोक पाहिला होता, ज्वारीच्या कडेने मान वर करून चालत गेलेला, तिच्या उंचीएवढा. लग्न होऊन पुण्यात आल्यावर तिने हे कौतुकाने सांगितलं, तर आमच्या घरात आई म्हणाली, "मोर असेल." माझे काका म्हणाले, "टर्की असेल." मी काय म्हणालो ते मला आठवत नाही, पण तिला आठवतं. मी काहीच म्हणालो नव्हतो. तेव्हापासून सोलापूरच्या रस्त्याला लोणी काळभोर मागे पडलं की ती खिडकीकडे सरकते आणि माळावर नजर लावून बसते. आता तिथे माळ कसला उरलाय! ऊस, कॉलेजं आणि प्लॉट विक्रीचे फलक. तरी ती बघत असते.

जैसलमेर

रेल्वेचा प्रवास वगळतो. पुणेकरांनी डब्यात काय काय खाल्लं याचं वर्णन करू लागलो तर वाळवंट येईपर्यंत वाचक जेवायला उठतील.

जैसलमेर गाव पिवळ्या दगडाचं आहे. किल्ला पिवळा, घरं पिवळी, बँक पिवळी, पेट्रोलपंपसुद्धा पिवळा. उन्हं कलली की सगळ्या गावाला हळद लागल्याचा भास होतो. आमच्याबरोबर निखिल नावाचा मुलगा होता. मूळचा अमरावतीचा, हिंजवडीला कॉम्प्युटर कंपनीत, मंडळातला सर्वांत तरुण सभासद आणि नव्या डिजिटल कॅमेऱ्याचा मालक. तो म्हणाला, "काका, अख्ख्या गावात एकच कलर! आमच्या कंपनीत लोगोच्या कलरवर तीन मीटिंगा होतात ना बाप्पा."

तिथल्या माणसांचं बोलणं मात्र पुणेकराला सोसत नाही, इतकं गोड. जिथे उतरलो त्या घरचे मालक दारात हात जोडून उभे. "पधारो सा" म्हणाले, हातातल्या पिशव्या घेतल्या, बसवलं, चहा दिला, पुन्हा चहा दिला. अभ्यंकर सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "साठे, इतकं गोड बोलण्याचं कारण काय असावं?" आम्ही दोघांनी बराच विचार केला. शेवटी कारण काहीच नाही, माणसं नुसतीच चांगली आहेत, या निष्कर्षाला यावं लागलं.

जेवायला बाजरीची भाकरी, तिच्यावर तूप. ती इथे जाड आणि लहान असते, आमच्याकडच्यासारखी पसरट नाही. बरोबर केर-सांगरी. केर म्हणजे काटेरी झुडपाची वाटाण्याएवढी फळं आणि सांगरी म्हणजे खेजडीच्या झाडाच्या वाळवलेल्या शेंगा. पाऊस नाही, भाजी नाही, म्हणून काटेकुटेच शिजवायचे आणि ते असे शिजवायचे की पाहुण्याने बोटं चाटावीत. मी तीनदा वाढून घेतलं. वसुधा म्हणाली, "घरी गवार केली की याच माणसाला शेंग घशात अडकते."

गवताचा देश

दुसऱ्या दिवशी जीपने अभयारण्याकडे निघालो. ड्रायव्हर हाकमभाई. पिळदार मिशा, कानात बाळी, आणि जगाविषयी कमालीची चांगली कल्पना. गावाबाहेर पडताच त्याने काचेतून बोट दाखवलं. "गोडावण अभी दिखेगा, बाऊजी." माळढोकाला तिकडे गोडावण म्हणतात.

वाळवंट म्हणजे वाळूच्या टेकड्या, अशी आपली कल्पना असते. चित्रात तसंच असतं. इथे तासभर गेलो तरी वाळूचा पत्ता नव्हता. सपाट, दगडगोट्यांचा, लांबच लांब माळ, त्यावर ताठ पिवळ्या गवताचे ठोंब, मधूनच रुईचं झुडूप, एखादं एकटं खेजडीचं झाड आणि क्षितिजावर नव्याने उभ्या राहिलेल्या पवनचक्क्या. जीपमध्ये सगळ्यांचे चेहरे पडले. एवढे पैसे आणि सुट्ट्या घालवून दौंडच्या पुढचा माळ बघायला आलो की काय, असं प्रत्येकाच्या मनात आलं आणि आम्ही पुणेकर असल्यामुळे ते बोलूनही दाखवलं. फक्त वसुधा अर्धी बाहेर वाकली होती. "अहो, हे तर आमच्याकडचंच आहे सगळं!" ती म्हणाली. तिचा चेहरा माहेरी पोचल्यावर होतो तसा झाला होता.

आणि मग हळूहळू तो माळ उघडत गेला. एक चिंकारा उभी होती, काटकुळ्या पायांची, शेपटी सारखी हलवत. आमच्याकडे बघून तिने ठरवलं की यांच्यापासून काही भीती नाही, आणि पुन्हा चरू लागली. बिळाच्या तोंडाशी सांडा ऊन खात पडला होता. तो आपल्या घोरपडीचा धाकटा भाऊ शोभेल, पण शेपटीवर काटे आणि पोटात फक्त पालापाचोळा, म्हणजे शुद्ध शाकाहारी. एका मेलेल्या गाईभोवती गिधाडं पंगतीला बसली होती आणि दोन घारी वाढप्यासारख्या घिरट्या घालत होत्या. आपल्याकडे गिधाडं दिसेनाशी झाली आहेत, त्यामुळे असल्या दृश्यानेसुद्धा आम्हाला आनंद झाला. निखिल तर टाळ्या वाजवणार होता, सरांनी डोळे वटारले.

हाकमभाई मात्र दर दहा मिनिटांनी जीप थांबवून "वो देखिये!" म्हणायचा. एकदा ती बकरी निघाली. एकदा वाळकं खोड. एकदा तर लांबवर उंच मान आणि वर काळी टोपी अगदी स्पष्ट दिसली, आम्ही श्वास रोखले, आणि जवळ गेल्यावर ती काळा माठ डोक्यावर घेतलेली एक बाई होती. तिने आमच्याकडे बघून पदर पुढे ओढला. हाकमभाई जराही खजील झाला नाही. "कोई बात नहीं. अभी दिखेगा."

टेकाडावरचा तास

दुपारी वनखात्याच्या गोल, गवती छपरांच्या झोपड्यांमध्ये आडवे झालो. वाळवंटात बारा ते तीन चिंकारा, उंट, पक्षी आणि ड्रायव्हर सगळे पडून असतात. पुण्याला या सवयीवरून लोक उगाच नावं ठेवतात, असं सर म्हणाले आणि घोरू लागले.

उन्हं उतरल्यावर एका टेकाडापाशी जीप उभी केली. सरांनी पुण्याहून नळीत घालून माळढोकाचं मोठं रंगीत चित्र आणलं होतं. ते त्यांनी जीपच्या अंगाला चिकटवलं, समोर सतरंजी अंथरायला लावली आणि आम्हाला बसवलं. प्रत्यक्ष पक्षी दिसण्याआधी त्याची नीट माहिती असावी, हे त्यांचं मत. आधी इतिहास, मग अंगरचना, मग आहार, मग विणीचा हंगाम. मी पहिल्या रांगेत बसलो. वसुधाला गुडघ्यामुळे खाली बसवत नाही, म्हणून ती घडीचं स्टूल घेऊन अगदी कडेला, जीपच्या बॉनेटच्या पुढे बसली होती. निखिल मोबाइलला रेंज मिळते का ते बघत लांबच्या उंचवट्यावर हात वर करून उभा होता. हाकमभाई जीपमध्ये झोपला होता.

सर इतिहासात असताना वसुधाने हात वर केला.

"वहिनी, शंका शेवटी विचाराव्यात," सर म्हणाले.

तिने हात खाली घेतला. थोड्या वेळाने पुन्हा वर केला आणि अगदी हळू म्हणाली, "सर, मागे..."

"अहो, मागचं सगळं पुन्हा घेणार आहे मी. सगळ्या शंका शेवटी एकदम."

ती गप्प बसली. ओरडली तर काय होईल हे तिला माहीत होतं, म्हणून ती ओरडली नाही. आणि मी? मी चित्रातल्या माळढोकाकडे बघत होतो. त्याच्या छातीवरचा काळा पट्टा मानेच्या खाली नेमका कुठे येतो, ते मी अतिशय बारकाईने तपासत होतो.

विणीचा हंगाम संपला. सरांनी रुमालाने कपाळ पुसलं. "हं, बोला वहिनी. काय शंका होती?"

"शंका नव्हती, सर. माळढोक होता."

सगळे उठून जीपच्या पलीकडे धावले. चपला राहिल्या, सतरंजी उलटली. पलीकडे गवत होतं, ऊन होतं आणि भरपूर आकाश होतं.

"तिथून आला," वसुधा बोट दाखवून सांगत होती. "त्या झुडपामागून. पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. मान अशी वर करून, तोऱ्यात चालत गेला. थांबला, इकडे बघितलं आणि गवतात शिरला."

सरांनी दुर्बिणीतून सगळं क्षितिज दोनदा पाहिलं. मग म्हणाले, "गिधाड असेल."

"गिधाड नव्हतं, सर."

"वहिनी, आपल्याबद्दल शंका नाही. पण मंडळाचा नियम आपल्याला माहीत आहे. दुसरं कोणी पाहिलं का?" त्यांनी सगळ्यांकडे नजर फिरवली. निखिल धापा टाकत येऊन पोचला होता, त्याने नकारार्थी मान हलवली. शेवटी सर माझ्याकडे वळले. "साठे, आपण तर पहिल्या रांगेत होतात. पाहिलात?"

वसुधाही माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "मी नाही पाहिला."

खरं होतं ते. डोळ्यांनी न पाहता मी कधी सही केलेली नाही. पण एवढं खरं बोलूनही मला जरासुद्धा बरं वाटलं नाही.

उंटावरचा शहाणा

संध्याकाळी आम्हाला वाळूच्या टेकड्यांवर नेलं. चित्रातली वाळू अखेर तिथे भेटली, आणि तिच्याबरोबर अर्धा भारतही. चहाच्या टपऱ्या, चिप्सची पाकिटं, ढोलक, मोरचंग आणि रांगेने बसलेले उंट. निखिलच्या आग्रहाने मी उंटावर बसलो. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, ही गोष्ट कोणीतरी आधी सांगायला हवी होती. मी सरळ पुढे त्याच्या मानेवर जाऊन आदळलो आणि तिला मिठी मारून राहिलो. उंटाने वळून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडाला फार वास येतो. सगळं मंडळ पोट धरून हसलं. हाकमभाई खाली बसून हसला. वसुधा हसली नाही.

ती भांडत नव्हती. भांडली असती तर परवडलं असतं. ती सौजन्याने वागत होती. "सावकाश उतरा." "गोळी घेतलीत ना?" "शाल हवी का तुम्हाला?" लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको एवढ्या अदबीने बोलू लागली की नवऱ्याने समजावं, काहीतरी भयंकर झालंय.

झोपड्यांपाशी परतलो तेव्हा चुलीवर भाकऱ्या होत होत्या. आम्ही दोघं शेकोटीपाशी बसलो. मीच विषय काढला.

"मी खोटं कसं बोलणार होतो, वसुधा?"

"खोटं बोला म्हणून कोण म्हणालं?"

"मग काय म्हणायला हवं होतं मी?"

तिने लसणीच्या चटणीची वाटी माझ्याकडे सरकवली. "'मी नाही पाहिला, पण ती म्हणते म्हणजे असेल.' एवढंच. तुमच्या आईंनी मोर केला, काकांनी टर्की केली, आज सरांनी गिधाड केलं. तुम्ही नुसतं 'असेल' म्हणाला असतात तरी मला पुरलं असतं."

मी हातातली भाकरी ताटात ठेवली. चटणी तिखट होती, पण ते कारण नव्हतं. या बाईला मी बाकी सगळं दिलं, हा एक शब्द द्यायला विसरलो, असं मला फार वाटलं.

पुन्हा तेच टेकाड

दुसऱ्या दिवशी मंडळ दगड झालेली झाडं बघायला जाणार होतं. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे जंगल होतं, त्याचे ओंडके दगड होऊन पडले आहेत. मी सरांना म्हटलं, "आम्ही दोघं येत नाही."

"कारण?"

"तपासणी."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पण पुढे काही विचारलं नाही. मंडळ दुसऱ्या गाडीने गेलं आणि हाकमभाईने आम्हाला त्या टेकाडापाशी सोडलं. "आज पक्का, बाऊजी," असं म्हणून तो जीप घेऊन लांब जाऊन झोपला.

थंडी चांगलीच होती. मी कानटोपी घातली, वसुधाने शाल गुंडाळली. मी तिचं स्टूल काल होतं तिथेच ठेवलं आणि शेजारी दगडावर बसलो. बोलायचं नाही, असं ठरलं होतं. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कोथरूडला आमच्या खिडकीखाली पहाटेपासून रिक्षा असतात, मिक्सर असतो, वरच्या मजल्यावर अमेरिकेत फोनवर मोठ्याने बोलणारे असतात. इथे गवतावरून वारा गेला की तो जाताना ऐकू यायचा. ऊन वर आलं तसे कबुतराएवढ्या पखुर्ड्यांचे थवेच्या थवे डोक्यावरून पाण्याकडे गेले. एक खोकड, कोल्ह्याचं छोटं भावंड, बिळातून बाहेर आलं, आमच्याकडे पाहून जांभई दिली आणि परत आत गेलं. वसुधाने माझा हात दाबला. सौजन्य संपल्याची ती पहिली खूण होती.

इतक्यात पाठीमागे खुडखुड झाली. आसपासच्या ढाण्यांवरच्या, म्हणजे वाड्यांवरच्या, शेळ्या तिथे मोकाट चरतात. त्यातली एक आमच्या पिशवीत तोंड घालून उभी होती. पिशवीत गूळपोळ्या होत्या, संक्रांतीच्या, पुण्यापासून जपून आणलेल्या. वसुधा "अगं बाई!" म्हणत वळली आणि एका हाताने पिशवी आणि दुसऱ्याने शेळीचं शिंग धरून ओढाताण करू लागली. आवाज न करता. ते दृश्य बघण्यासारखं होतं, पण मी बघितलं नाही.

कारण समोर झुडपामागून माळढोक बाहेर आला होता.

पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, हे सगळं होतंच. एरवी मी एकेक खूण लावून पाहिली असती. त्या क्षणी मी एकही खूण तपासली नाही. तो केवढा मोठा होता! आणि किती निवांत! पाऊल उचलायचं, थांबायचं, विचार करायचा, मग टेकवायचं. सगळा माळ आपल्याच नावावर असावा तसा तो चालत होता, आणि एके काळी तो होताही, इथून थेट वसुधाच्या वडिलांच्या ज्वारीपर्यंत. त्याने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. वसुधाला हाक मारायची होती, पण त्याच्यावरून नजर काढवेना. मी तसाच बसून राहिलो. मग तो गवतात शिरला आणि गवत मिटलं.

मी वळलो. वसुधा पिशवी छातीशी धरून उभी होती. तिची पाठ माळाकडे होती आणि ती माझ्याकडे बघत होती. केव्हापासून, कोण जाणे.

"दिसला ना?" ती म्हणाली.

मी मान डोलावली. "तुला हाक मारायला हवी होती गं मी."

"मारली असतीत तर गेला असता." तिने स्टूलवर बसून पिशवी उघडली. शेळीने दीड पोळी ठेवली होती. त्यातली अख्खी तिने मला दिली. मग मी तिला सगळं सांगितलं: तो कुठून आला, कसा चालला, कसा थांबला. तिने काल पाहिलेलंच सगळं, पण ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकत होती आणि मध्येमध्ये "हो का?" म्हणत होती.

शंका

दुपारी मंडळ परतलं. दगडाची झाडं दगडासारखीच होती, असं निखिल म्हणाला. जेवायला बसताच सरांनी विचारलं, "काय साठे, तपासणी झाली?"

"झाली. माळढोक पाहिला."

पंगत थांबली. निखिल ओरडला, "काका! फोटो?"

"अरे, मी डोळे घेऊन गेलो होतो, कॅमेरा नाही."

सरांनी हातातला घास खाली ठेवला आणि वसुधाकडे वळून अगदी सावधपणे विचारलं, "वहिनी, आपण पाहिलात?"

आता तिने "मी नाही पाहिला" म्हटलं असतं तर तो न्यायच झाला असता. तिने शांतपणे ताक प्यायलं, ओठ पुसले.

"पाहिला, सर. यांनी पाहिला, मी पाहिला. दोघं झालो."

मी तोंड उघडलं. "पण आज तर ही..." तेवढ्यात उरलेली अर्धी गूळपोळी माझ्या तोंडाशी आली, आणि गूळपोळी समोर असताना बोलायचं नाही एवढं मला कळतं.

सरांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "म्हणजे काल तो माझ्या मागे होता."

"हो, सर."

"किती वेळ?"

"इतिहासापासून आहार सुरू होईपर्यंत."

सरांनी चष्मा काढला. तेव्हा मला प्रथमच कळलं, की चाळीस वर्षं हा पक्षी शिकवणाऱ्या या माणसाने तो कधीही पाहिलेला नाही. "हाक मारायची होतीत, वहिनी," ते म्हणाले.

"दोनदा हात वर केला होता, सर."

निखिलने ताटात डोकं घातलं. मग सरच हसू लागले, आधी हळू आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "ठरलं," ते म्हणाले, "यापुढे मंडळात शंका मध्येच विचाराव्यात." त्या दुपारी कोणी आडवं झालं नाही. सूर्य बुडेपर्यंत आम्ही सगळे त्या टेकाडावर ओळीने, तोंड माळाकडे करून, एक शब्द न बोलता बसलो. माळढोक आला नाही. हाकमभाईने सरांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "कोई बात नहीं, मास्टरजी. अगली बार दिखेगा." आणि त्या गोड बोलण्याचं कारण सरांनी या वेळी विचारलं नाही.

परतीच्या गाडीत सगळे झोपेला लागायच्या आत मी वसुधाला गाठलं. "तू त्या वेळी शेळीकडे होतीस. माळाकडे तुझी पाठ होती. मग दोघं कसे झालो?"

"मी तुमच्याकडे बघत होते," ती म्हणाली. "तुमचं तोंड असं उघडं, डोळे भरलेले, कानटोपी वाकडी. आपलं लग्न झालं तेव्हाही असं झालं नव्हतं तुमचं तोंड. माळढोकाशिवाय दुसरं काय असणार? मला वेगळा कशाला बघायला हवा?"

टेकाडावर सगळं मंडळ क्षितिज बघत होतं, तेव्हा मी फक्त तिच्या तोंडाकडे बघितलं असतं तरी मला दिसला असता माळढोक. एवढा विचार मला पुण्याला पोचेपर्यंत पुरला.

परवा भाच्याच्या मुंजीला सोलापूरला निघालो होतो. लोणी काळभोर मागे पडलं आणि वसुधा सवयीने खिडकीकडे सरकली. बाहेर ऊस, कॉलेजच्या पाट्या, प्लॉटचे फलक. थोडं पुढे गेल्यावर ती एकदम ताठ झाली आणि तिने काचेवर बोट टेकवलं.

"अहो, ते बघा! त्या बांधापलीकडे काहीतरी चाललंय. मान वर करून."

मी वाकून पाहिलं. बांध होता, बांधापलीकडे ऊस होता, आणखी काही मला दिसलं नाही.

मग मी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"असेल," मी म्हणालो.